डायोड नीट जोडायचा कसा: मल्टिमीटरपासून ब्रिजपर्यंत

डायोडला पाय दोनच. म्हणूनच तो जोडण्याआधी तपासावा लागतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही. आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांचे बंद पडलेले प्रोजेक्ट पाहिले की त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात: रेझिस्टर न लावता थेट बॅटरीवर जोडलेला एलईडी, चारपैकी एक डायोड उलटा बसलेला ब्रिज (एसीचं डीसी करणारी चार डायोडची जोडणी), आणि रिलेवर (कॉइलने चालणाऱ्या स्विचवर) डायोडच नसल्यामुळे मेलेला ट्रान्झिस्टर.

यातल्या बऱ्याच चुकांमागे एक गैरसमज आहे. डायोड करंट ‘आवरतो’ असं मुलांना वाटतं. तसं नाही. डायोड फक्त दिशा ठरवतो. त्या दिशेने किती करंट वाहील हे रेझिस्टर, भार आणि सप्लाय ठरवतात. सरळ लावलेल्या डायोडपुढे करंट रोखणारं दुसरं काहीच नसेल, तर तो सप्लाय देईल तेवढा करंट घेईल आणि जळेल. पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीभोवती आहे. टप्पे गाळू नका, आणि ‘तपासा’ लिहिलंय तिथे खरंच थांबा.

## टप्पा १: सामान आणि योग्य डायोडची निवड

सरावासाठी एवढं सामान पुरेल: ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, ब्रेडबोर्ड, लाल एलईडी, १ किलोओहमचे दोन रेझिस्टर (तपकिरी, काळा, लाल), १एन४००७ डायोड निदान सहा, आणि डायोडचं चिन्ह असलेला डिजिटल मल्टिमीटर. ब्रिजसाठी १२ व्होल्ट १ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर लागेल. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. डायोड एकेक न घेता दहाची पट्टीच घ्या, म्हणजे शंका आलेला डायोड पुन्हा वापरण्याचा मोह होत नाही.

डायोड निवडताना दोन आकडे बघायचे: सरासरी किती करंट पेलतो आणि उलट दिशेने किती व्होल्टेज सहन करतो.

१एन४००७ हा १ ॲम्पिअर, १००० व्होल्टचा. ५० हर्ट्झच्या साध्या सप्लायला, रिलेला आणि सरावाला हाच घ्या. १एन४००१ ची मर्यादा फक्त ५० व्होल्ट असते आणि किमतीत फरक जवळपास नसतो, म्हणून तो घेण्यात अर्थ नाही. काचेचा छोटा १एन४१४८ हा सिग्नलचा डायोड आहे. तो पॉवर सप्लायच्या ब्रिजमध्ये कधीही लावू नका. ३ ॲम्पिअरला १एन५४०८ आहे, त्याचे पाय इतके जाड असतात की ब्रेडबोर्डात जबरदस्तीने घुसवले तर भोकं सैल होतात. ५ किंवा ६ व्होल्टच्या सर्किटमध्ये डायोडवर अर्धा-पाऊण व्होल्ट वाया जाणं परवडत नसेल तर शॉटकी डायोड वापरा, उदाहरणार्थ १एन५८१९. तो १ ॲम्पिअरचा असला तरी उलट दिशेने फक्त ४० व्होल्ट सोसतो.

इशारा: १एन४००७ हा संथ डायोड आहे. मोबाईल चार्जरसारख्या वेगाने स्विच होणाऱ्या सर्किटमधला जळालेला फास्ट डायोड काढून त्याजागी हा लावला, तर तो गरम होऊन जातो. तिथे यूएफ४००७ सारखाच फास्ट डायोड लागतो.

## टप्पा २: डायोड हातात असतानाच तपासा

काळ्या अंगावर एका टोकाला चंदेरी पट्टी असते. पट्टीकडचा पाय कॅथोड, दुसरा ॲनोड. करंट ॲनोडकडून कॅथोडकडे, म्हणजे पट्टीच्या दिशेने जातो. आकृतीत बाणाच्या टोकाशी जी आडवी रेघ असते, तीच ही पट्टी.

मल्टिमीटर डायोडच्या चिन्हावर ठेवा. लाल प्रोब ‘कॉम’ सोडून व्होल्ट-ओहमच्या सॉकेटमध्ये आहे याची खात्री करा. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब १० ॲम्पिअरच्या सॉकेटमध्येच विसरला जातो, आणि मग चांगला डायोडही खराब वाटतो.

लाल प्रोब ॲनोडला, काळा पट्टीकडच्या पायाला लावा. सिलिकॉन डायोडवर ०.५ ते ०.७ च्या दरम्यान आकडा यायला हवा. स्वस्त मीटरवर हाच आकडा ५०० ते ७०० असा दिसतो, कारण ते मिलिव्होल्ट दाखवतात. आता प्रोब उलटे करा. ‘ओएल’ किंवा डावीकडे नुसता १ दिसला की डायोड ठीक.

दोन्ही बाजूंनी शून्याजवळचा आकडा आला तर डायोड शॉर्ट झालाय. दोन्ही बाजूंनी ‘ओएल’ आलं तर तो आतून तुटलाय. दोन्ही सरळ कचऱ्यात. शॉटकी डायोडवर ०.१५ ते ०.३ इतका कमी आकडा येतो, त्याला खराब समजू नका.

हा आकडा ओहम नाही, व्होल्ट आहे. मीटर साधारण १ मिलिॲम्पिअर करंट सोडतो आणि डायोडवर किती व्होल्ट पडले ते दाखवतो. प्रत्यक्ष सर्किटमध्ये करंट वाढला की हा आकडाही वाढतो. १एन४००७ मधून पूर्ण १ ॲम्पिअर गेला तर तो ०.९ च्या आसपास जातो, आणि उत्पादक १.१ पर्यंतची मर्यादा देतात. म्हणून ‘डायोडवर ०.७ पडतात’ हे हिशेबासाठी ठीक आहे, निसर्गनियम म्हणून नाही.

इशारा: काट्याचा जुना मीटर वापरत असाल तर ओहमच्या रेंजवर त्याचा काळा प्रोब धन असतो. डिजिटल मीटरच्या सवयीने त्यावर पट्टी ओळखायला गेलात तर सगळे डायोड उलटे ठरतील.

तपासा: पट्टी पुसट झालेला किंवा जुन्या बोर्डावरून काढलेला डायोड मीटरवर ओळखून झाल्यावर कॅथोडच्या बाजूला पांढऱ्या मार्करने खूण केलीत का?

## टप्पा ३: बॅटरी, रेझिस्टर, डायोड, एलईडी

बॅटरी अजून जोडायची नाही. आधी हिशेब.

बॅटरी ९ व्होल्ट. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, डायोडवर ०.७. उरले ६.३ व्होल्ट, ते रेझिस्टरने घ्यायचे. १ किलोओहमवर ६.३ व्होल्ट म्हणजे ६.३ मिलिॲम्पिअर. एलईडी छान दिसायला एवढा करंट पुरे आहे. रेझिस्टरमध्ये ०.०४ वॅट उष्णता होते, त्यामुळे पाव वॅटचा चालतो. निळा किंवा पांढरा एलईडी असेल तर २ च्या जागी ३ ते ३.४ व्होल्ट धरा.

आता जोडणी, याच क्रमाने:

१. बॅटरीच्या धन बाजूकडून सगळ्यात आधी रेझिस्टर लावा. मालिकेत तो कुठेही चालतो, पण सुरुवातीलाच लावायची सवय लागली की तो विसरला जात नाही.

२. रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला डायोडचा ॲनोड. पट्टी बॅटरीपासून लांब.

३. पट्टीकडच्या पायाला एलईडीचा लांब पाय.

४. एलईडीचा आखूड पाय बॅटरीच्या ऋण बाजूकडे. पाय कापलेले असतील तर एलईडीच्या गोल कडेवरची सपाट बाजू बघा, ती कॅथोडची.

५. बोटाने एकेक तार मागे नेऊन वाट तपासा. ब्रेडबोर्डात घटकाचे दोन्ही पाय एकाच पाच भोकांच्या रांगेत गेले असतील तर तो घटक शॉर्ट आहे. डायोड असा बसला तर उलटा करूनही एलईडी पेटतच राहतो, आणि मग डायोड खराब असल्याचा संशय येतो.

६. सगळ्यात शेवटी बॅटरी.

तपासा: एलईडी पेटल्यावर मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि रेझिस्टर, डायोड, एलईडी या तिघांवरचे व्होल्ट वेगवेगळे मोजून वहीत लिहा. बेरीज बॅटरीच्या व्होल्टेजइतकी यायला हवी. नंतर रेझिस्टरवरच्या व्होल्टला १००० ने भागा. मिळेल तो सर्किटचा करंट. करंट मोजायला मीटर सर्किटमध्ये घुसवायची गरज नाही, आणि मीटरचा फ्यूजही वाचतो.

इशारा: एकाच रेझिस्टरवर दोन-तीन एलईडी समांतर लावू नका. ज्याला किंचित कमी व्होल्टेज लागतं तो जास्त करंट ओढतो, बाकीचे मंद राहतात. प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर द्या.

## टप्पा ४: डायोड उलटा करून बघा

बॅटरी काढा, फक्त डायोड फिरवा, पुन्हा जोडा. एलईडी विझलेला राहील. बहुतेक जण इथे ‘झालं’ म्हणून पुढे जातात. थांबा, कारण खरं शिकण्यासारखं इथेच आहे.

रेझिस्टरवरचे व्होल्ट मोजा: शून्य. करंटच नाही, तर रेझिस्टरवर काही पडणार कसं? आता डायोडवरचे मोजा. बॅटरीचं जवळपास सगळं व्होल्टेज तिथे सापडेल. मीटरवर ९ ऐवजी साडेसात-आठ दिसले तर घाबरू नका. मीटर स्वतः एक-दोन मायक्रोॲम्पिअरच्या आतबाहेर करंट घेतो, तो एलईडीमधूनच जातो, आणि तेवढ्यावरही एलईडी दीड व्होल्टच्या आसपास खातो.

म्हणजे अडवणाऱ्या डायोडला सप्लायचं व्होल्टेज अंगावर घ्यावं लागतं. टप्पा १ मधला दुसरा आकडा यासाठीच. ९ व्होल्टला १००० व्होल्टचा डायोड सहज पुरतो. एलईडी मात्र स्वतः डायोड असला तरी उलट दिशेने फार कमी सोसतो, बहुतेक एलईडींची मर्यादा ५ व्होल्ट असते. तेव्हा एलईडीलाच ‘उलट करंट अडवणारा डायोड’ समजून वापरू नका.

याच जोडणीचा रोजचा उपयोग म्हणजे उलट्या बॅटरीपासून संरक्षण: सप्लायच्या धन तारेत एक डायोड, पट्टी सर्किटकडे. किंमत म्हणून ०.७ व्होल्ट कमी मिळतात आणि १ ॲम्पिअरला पाऊण ते एक वॅट उष्णता डायोडमध्ये होते. ९ किंवा १२ व्होल्टवर हे चालून जातं. दोन पेन्सिल सेलच्या ३ व्होल्टवर नाही, तिथे शॉटकी घ्या.

## टप्पा ५: चार डायोडचा ब्रिज

सर्वात जास्त सामान इथे जळतं, म्हणून इथे घाई नको.

चारही डायोड आधी टप्पा २ प्रमाणे तपासा. मग टेबलावर चौकोनात मांडा आणि एवढंच बघा:

जिथे दोन पट्ट्या एकत्र येतात, तो धन. जिथे दोन बिनपट्टीचे पाय एकत्र येतात, तो ऋण. जिथे एक पट्टी आणि एक बिनपट्टीचा पाय भेटतात, त्या दोन कोपऱ्यांना ट्रान्सफॉर्मरच्या एसी तारा.

हे पाठ असेल तर आकृती समोर नसली तरी ब्रिज चुकत नाही. सोल्डर करताना पाय बोर्डाला अगदी चिकटवू नका. थोडी उंची ठेवली की उष्णता बाहेर पडते.

ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर जोडण्याआधी मीटर डायोड रेंजवर ठेवून सहा मापं घ्या. एसीचे कोपरे ‘अ’ आणि ‘ब’ धरा.

१. लाल ‘अ’ वर, काळा धनवर: ०.५ ते ०.७.

२. लाल ‘ब’ वर, काळा धनवर: तेवढाच.

३. लाल ऋणवर, काळा ‘अ’ वर: तेवढाच.

४. लाल ऋणवर, काळा ‘ब’ वर: तेवढाच.

५. लाल ‘अ’ वर, काळा ‘ब’ वर: ओएल.

६. प्रोब उलटे, लाल ‘ब’ वर, काळा ‘अ’ वर: ओएल.

पाचवं-सहावं माप कधीही गाळू नका. पुष्कळ जण फक्त ऋण ते धन मोजतात, १ ते १.२ आकडा आला की समाधान मानतात. पण एक डायोड उलटा असला तरी उरलेल्या वाटेने तोच आकडा येतो. ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये मोजल्यावर मात्र एका बाजूने १.१ च्या आसपास आकडा दिसतो आणि चूक उघडी पडते. हीच ती वाट, जिच्यातून सप्लाय दिल्यावर दर दुसऱ्या अर्ध्या फेरीला ट्रान्सफॉर्मर शॉर्ट होतो. आउटपुटला थोडंफार व्होल्टेज मिळत राहतं, म्हणून संशय ट्रान्सफॉर्मरवर जातो. तो गुणगुणतो, तापतो, आणि डायोड फुटेपर्यंत कुणी ब्रिजकडे बघत नाही.

तपासा: सहाही मापं कागदावर लिहिली का? एक जरी बसत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: कपॅसिटर आणि पहिला सप्लाय

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट हे आरएमएस (एसीचं परिणामी मूल्य) असतात. त्यांचं शिखर १२ गुणिले १.४१४, म्हणजे १७ व्होल्ट. ब्रिजमध्ये कोणत्याही क्षणी दोन डायोड वाटेत असतात, त्यांचे १.४ वजा करा. उरले १५.६. हे पाहून १६ व्होल्टचा कपॅसिटर आणणारे खूप आहेत, आणि तो चुकीचा आहे. भार नसताना ट्रान्सफॉर्मर लिहिल्यापेक्षा जास्त देतो, त्यात मेन्स (घरची वीज) २४० च्या वर गेली की कपॅसिटरवर १८ ते २० व्होल्ट सहज येतात. २५ व्होल्टचा चालेल, ३५ चा बरा.

कपॅसिटरच्या अंगावर वजा चिन्हांची फिकी पट्टी असते, ती बाजू ऋण. डायोडची पट्टी धन कोपऱ्याकडे, कपॅसिटरची पट्टी ऋण कोपऱ्याकडे. या दोन पट्ट्यांचे अर्थ उलटे आहेत, आणि गफलत इथेच होते. उलटा जोडलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटतो. पहिल्यांदा सप्लाय देताना तोंड बोर्डावर वाकवू नका, चष्मा घाला.

कपॅसिटर किती मोठा हवा? ब्रिजनंतर स्पंदनं सेकंदाला १०० येतात. लहर, म्हणजे आउटपुटमधला चढउतार, व्होल्टमध्ये ढोबळमानाने अशी: करंट ॲम्पिअरमध्ये, भागिले १००, भागिले कपॅसिटर फॅरडमध्ये. अर्धा ॲम्पिअर आणि १००० मायक्रोफॅरड घेतले तर लहर ५ व्होल्टची. २२०० घेतला तर सव्वादोन. पुढे ७८१२ रेग्युलेटर (स्थिर १२ व्होल्ट देणारा) लावायचा असेल तर त्याला इनपुटला निदान १४ व्होल्ट लागतात. १५.६ मधून सव्वादोन गेले की तळ १३.३ वर येतो, म्हणून अर्ध्या ॲम्पिअरला १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर अपुरा पडतो. १५ व्होल्टचा घ्या आणि ७८१२ ला हीटसिंक लावा. शंभर मिलिॲम्पिअरपर्यंतच्या कामाला मात्र १२ चा पुरतो.

इशारा: प्रायमरीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूच्या) तारांवर २३० व्होल्ट असतात. जोड उघडा ठेवू नका, स्लीव्ह चढवा, प्रायमरीत फ्यूज ठेवा, आणि मेन्सचं काम पूर्वी केलं नसेल तर जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय प्लग लावू नका. प्रत्येक बदलाआधी प्लग काढा, स्विच बंद करणं पुरेसं नाही.

पहिला सप्लाय सिरीज बोर्डातून द्या: ट्रान्सफॉर्मरच्या मालिकेत ४० वॅटचा पिवळा बल्ब. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून जवळजवळ विझतो किंवा पेटतच नाही. तो उजळ राहिला तर पुढे शॉर्ट आहे. प्लग काढा आणि ब्रिजची सहा मापं पुन्हा घ्या, पण आधी कपॅसिटर १ किलोओहमच्या रेझिस्टरने रिकामा करा आणि ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटर सोडवा. सेकंडरी (ट्रान्सफॉर्मरची १२ व्होल्टची बाजू) जोडलेली असेल तर ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये मीटर नेहमीच शॉर्ट दाखवेल.

बल्ब विझलेला असेल तर आउटपुट डीसी रेंजवर मोजा, मग बल्ब काढून थेट मेन्सवर पुन्हा मोजा. भाराविना १६ ते २० च्या दरम्यान काहीही आलं तर ठीक. पाच मिनिटांनी प्लग काढून ट्रान्सफॉर्मरला बाहेरून हात लावा. भार नसताना तो कोमट असेल, चटका बसता कामा नये.

चार १एन४००७ चा ब्रिज पाऊण ॲम्पिअरपर्यंत निवांत चालतो. त्यापुढे १एन५४०८ वर जा.

## टप्पा ७: रिलेवरचा डायोड

इथे डायोड नेहमीच्या कामात करंट वाहू देत नाही, म्हणून तो बिनकामाचा वाटतो आणि गाळला जातो. सर्किट त्याच्याविनाही सुरू होतं. काही दिवसांनी ट्रान्झिस्टर जातो, नवा टाकला की तोही जातो.

१२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची, म्हणजे करंट ३० मिलिॲम्पिअर. बीसी५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर तो सहज पेलतो. पण ट्रान्झिस्टर बंद होताच कॉइलमधला करंट एकदम थांबायला तयार नसतो. त्याला वाट मिळाली नाही की कलेक्टरवरचं (ट्रान्झिस्टरच्या कॉइलला जोडलेल्या पायावरचं) व्होल्टेज उसळतं, आणि बीसी५४७ ची मर्यादा आहे ४५ व्होल्ट. कॉइलला समांतर डायोड असेल तर करंट त्यातून गोल फिरून विरतो आणि कलेक्टर १२.७ च्या वर जात नाही.

जोडणी: डायोडची पट्टी १२ व्होल्टच्या धन तारेला, बिनपट्टीचा पाय कलेक्टरला. बेसला ५ व्होल्टच्या सिग्नलकडून १ किलोओहम. बीसी५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली असतील तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

डायोड कॉइलच्या अगदी जवळ लावा, लांब तारांच्या दुसऱ्या टोकाला नाही. आणि उलटा लावू नका: ट्रान्झिस्टर चालू होताच १२ व्होल्ट थेट डायोड आणि ट्रान्झिस्टरमधून जातात, आणि बीसी५४७ पहिल्याच झटक्यात जातो.

तपासा: हा डायोड कॉइल जोडलेली असताना मीटरवर तपासता येत नाही. मीटरचा करंट कॉइलमधून जातो आणि दोन्ही बाजूंनी सारखाच ०.४ च्या आसपास आकडा येतो. पट्टी डोळ्यांनी बघा. शंका असेल तर डायोडचा एक पाय उचलून मोजा.

या डायोडमुळे रिले सुटायला काही मिलिसेकंद जास्त लागतात. दिवा, पंप, पंखा चालवताना ते जाणवतही नाही. रिले पटकन सुटायलाच हवा असेल तर डायोडच्या मालिकेत, पट्टीला पट्टी लावून, २४ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलट दिशेने करंट सोडणारा डायोड) जोडा. कलेक्टर मग ३७ व्होल्टच्या आसपास थांबतो आणि बीसी५४७ च्या मर्यादेत राहतो.